गबरूला कांगारू चालेल

ईरा आणि नीरज, तुमचे आजोबा निर्दोष आहेत.

हे मी दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. गेल्या रविवारी फोनवर नीरज त्यांना म्हणाला, "आजोबा, गबरूला पेढा देऊ नका हं," आणि ते नेहमीसारखी मान डोलावून म्हणाले, "नाही देणार, बाबा." मी मागेच उभी होते. फोनच्या कोपऱ्यात तुम्हाला एक पदर दिसला असेल. त्या पदराच्या मालकिणीला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. क्रम लावणं मला जमतं. पस्तीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर घातले. जगातली कुठलीही गोष्ट समोर ठेवा, ती कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर जाईल हे मी सांगू शकत असे. (पुढे झालेला सगळा घोळ या एका गुणामुळे झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्ही उगाच दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही.)

तुम्ही कॅनडाला गेलात तेव्हा गबरू सहा वर्षांचा होता. तिकडच्या भाड्याच्या घरात कुत्र्याला परवानगी नव्हती, म्हणून तो काशीला रामघाटावर आमच्याकडे राहिला. ठेवते, पण लाड करणार नाही, असं मी तुमच्या बाबांना बजावलं होतं. महिन्याभरात गबरूने देवघराच्या उंबऱ्याशी, जिथे फरशी सगळ्यात गार लागते, तिथे आपली जागा केली, आणि मी पूजेला जाता-येता त्याला ओलांडायला शिकले.

त्या वर्षी पाऊस सरला आणि गंगा एकेक पायरी सोडत खाली उतरू लागली. दरवर्षी ती उतरते तेव्हा घाटावर मऊ, गार चिखल ठेवून जाते आणि साऱ्या गलीला आठवडाभर ओल्या मातीचा वास येत राहतो. त्या दिवसांत दुपारी सगळे झोपतात. मी अर्धवट झोपेत असायची आणि मला वाटायचं, कुणीतरी सावकाश नाव वल्हवत आपल्या दाराशी येतंय. खर्र, थांबून पुन्हा खर्र. कोण येत असेल, कुठल्या गावाहून, सामान किती असेल, असं काहीबाही मनात यायचं. डोळे उघडले की गबरू मागच्या पायाने कान खाजवत असायचा.

सुरुवातीला मला तो आवाज आवडत होता, हेही कबूल करते. मग त्याचे कान लाल झाले, पोटाचे केस गेले, पंजे चाटून चाटून ओले राहू लागले. एके दिवशी कानातून रक्त आलं. तुमच्या बाबांनी फोनवर ते बघितलं आणि म्हणाले, "आई, तुला आता हे झेपणार नाही. सारनाथकडे माझ्या एका मित्राचं घर आहे, मोठं अंगण आहे. माघ लागेपर्यंत बघू. नाही बरा झाला तर तो येऊन घेऊन जाईल."

मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." ग्रंथालयात उशिरा पुस्तक परत करणाऱ्यांशी मी ज्या आवाजात बोलत असे, त्याच आवाजात. फोन ठेवला आणि उंबऱ्यापाशी फरशीवर जाऊन बसले. गुडघ्यांमुळे मी खाली बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उठवायला आजोबांना बोलवावं लागलं.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे खाण्याचं दिसतंय, रक्त तपासून घ्या. मला फार बरं वाटलं. रक्त जाणार, छापील यादी येणार, यादीत असेल ते बंद करायचं. यादीवर माझा विश्वास आहे. आणि आली ती यादी चार पानांची, रंगीत, वर्णानुक्रमे लावलेली! जे सोसत नाही ते लाल, सोसतं ते हिरवं. लाल रंगात गहू, तांदूळ, बटाटा, गाजर, अंडं आणि सगळ्यात गडद लाल कोंबडी. हिरव्यात दूध, ससा, बदक, हरीण आणि कांगारू.

थोडक्यात, रामघाटावर राहून गबरूला आमची पोळी चालणार नव्हती, कांगारू चालणार होता.

आजोबांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. मग म्हणाले, कांगारूचं बघता येईल, पण आधी कोंबडीचं बघू, आपल्या घरात ती आली कुठून? प्रश्न बरोबर होता. आपल्या गलीत काही घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही. मी म्हटलं, रक्त खोटं बोलत नाही, कुणीतरी ह्याला कोंबडी घालतंय. आणि मी तपास सुरू केला. घाटावर रामधनी नावाचा नावाडी असतो, गबरू रोज त्याच्या नावेपाशी घुटमळतो. मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं, की आमच्या कुत्र्याला तुमच्याकडून चुकून काही मांसाहारी वगैरे मिळतं का. त्याने वल्हं खाली ठेवलं.

"माताजी, हमरे इहाँ खुदे महीना में एक बार बनेला. कुकुर के कहाँ से देब?"

त्यांच्या घरीच महिन्यातून एकदा शिजतं, तिथे कुत्र्याला कुठून देणार! मी घरी परतले. संध्याकाळपर्यंत ही बातमी घाटाच्या पायऱ्या चढून आली आणि चढताना थोडी बदलली. शेजारच्या वत्सलाकाकू दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, ऐकते ते खरं का? तुमच्या घरात कोंबडी निघाली म्हणे." मी त्यांना चार पानं दाखवली. त्यांनी ती हातात न घेता लांबूनच वाचली. पुढचे आठ दिवस त्यांना आमच्याकडचा चहा नको होता, पित्त झालं होतं.

मग कुणीतरी डॉक्टर श्रीवास्तवबाईंचं नाव सांगितलं. तरुण बाई, बोलणं कमी. त्यांनी गबरूचे कान पाहिले, पिसवा, बुरशी वगैरे एकेक तपासून बाद केलं, मग माझी रंगीत यादी पाहिली, तिच्या घड्या होत्या तशाच नीट घातल्या आणि मला परत दिली. म्हणाल्या, कुत्र्याला कुठलं अन्न सोसत नाही ते रक्तावरून कळत नाही, धडधाकट कुत्र्यांचीही अशी लाल यादी येते. मला जरा रागच आला. इतकी सुंदर वर्णानुक्रमे लावलेली यादी होती! मी विचारलं, मग कळतं कसं?

"खिलाकर, माताजी," त्या म्हणाल्या.

पद्धत सोपी होती. आठ आठवडे एकच अन्न. ते पिशवीत मिळतं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक केलेली असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. त्या अन्नाशिवाय फक्त पाणी. खाज थांबली तर मग जुने पदार्थ एकेक करून द्यायचे आणि पुन्हा कशाने सुरू होते ते बघायचं. पण मध्ये एक दाणाही दुसरं काही गेलं, तर सगळं वाया. मी शपथ घेतल्यासारखं म्हटलं, एक दाणाही जाणार नाही. आणि येताना दोनशे पानी वही घेऊन आले. वेळ, किती दिलं, कुणी दिलं, खाज किती, आणि शेवटच्या रकान्यात "इतर काही". त्या रकान्यात मी रोज रात्री लिहीत असे : नाही. सुवाच्य अक्षरात.

आता घरातलं घरात राखता येतं, पण काशीत कुत्र्याला गलीपासून कसं राखणार? कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन. त्याला रिकाम्या तोंडी पुढे जाऊ देणं लोकांच्या मनाला लागतं. कुणी इमरतीचा तुकडा टाकतं, कुणी पोळी. म्हणून मी पुठ्ठ्यावर ठळक हिंदीत लिहिलं, "कृपया मुझे कुछ न खिलाएँ", आणि ती पाटी गबरूच्या गळ्यात बांधून आजोबांबरोबर त्याला फिरायला धाडलं.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी पाटी दोनदा वाचली आणि हात जोडले. भैरवाच्या वाहनाने उपास धरलाय, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी गबरू कपाळाला कुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ घेऊन घरी आला. आजोबा म्हणाले, "अगं, मी काय करू? रांग लागली होती." चौथ्या दिवशी एक बाई द्रोणात मखाण्याची खीर घेऊन थेट आपल्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, याला काही द्यायचं नाही. त्या समजुतीने म्हणाल्या, यह तो फलाहार है, व्रत में चलता है.

मी त्यांना बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. तुमच्या-माझ्या व्रताला काय चालतं आणि काय नाही, ते पोटाला कळत नाही. पोटात गेलं की सगळं अन्नच. माणूस मनात कप्पे करतो, शरीरात कप्पे नसतात. असं मी बरंच बोलले. (हे मी बोलले. मीच.) बाई भारावून गेल्या आणि खीर घेऊन परतल्या. मी पाटी काढून टाकली, गबरूला तोंडाची जाळी बांधली आणि फिरायची वेळ बदलून भल्या पहाटेची केली.

कार्तिक आला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी आणि गबरू पंचगंगा घाटाकडे बघत बसायचो. तिथे उंच बांबूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात. बांबू अंधारात दिसेनासे झाले की दिवे नुसतेच वर राहतात, आधाराशिवाय, आणि वारा आला की सगळे मिळून जरासे एका बाजूला जातात. पूर्वजांना वाट दिसावी म्हणून ते लावायचे असतात. मला मात्र त्यांच्याकडे बघताना तुमची विमानं आठवायची. कधी तरी बघता बघता डोळा लागायचा आणि झोपेत ती नाव पुन्हा यायची. खर्र. खर्र. सहा आठवडे झाले होते आणि गबरू खाजवत होता.

सहाव्या आठवड्यात धुवायला घेतलेल्या आजोबांच्या कुर्त्याच्या खिशात मला पेढ्याचा चुरा सापडला.

मी कुर्ता घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "अहो, हा पेढा कुणाला घातलात?"

त्यांनी कुर्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गबरूकडे बघितलं.

"गबरूला," ते म्हणाले.

झालं. गुन्हेगार सापडला, कबुलीही मिळाली. मी वहीत लाल शाईने नोंद केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. मी तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही दोघांनी फोनवर आजोबांना काय काय म्हटलंत ते तुम्हाला आठवतच असेल. मी त्यांच्या हातून गबरूचा पट्टा काढून घेतला. पहाटे मीच त्याला फिरवू लागले. आजोबा खिडकीत बसून आम्हाला जाताना बघायचे. काही बोलायचे नाहीत. अपराधी माणूस काय बोलणार, असं मला वाटायचं.

दुसरी फेरी धुक्यात गेली. पौषात आमच्याकडे सकाळी नदी नसते. पायऱ्या खाली खाली जातात आणि कुठल्या तरी पायरीवर पांढरं सुरू होतं. त्या पांढऱ्यातून घंटा ऐकू येतात, खोकला ऐकू येतो, रामधनी कुणाला तरी हाका मारताना ऐकू येतो, दिसत काही नाही. त्यात मी आणि माझ्यापुढे हातभर अंतरावर एक पिवळी शेपटी. तिच्या मागे मी चालत राहायची. आपण उठलोय की अजून अंथरुणात आहोत, हे कळायचं नाही. इतकी निवांत मी आयुष्यात कधी चालले नव्हते. घरी आल्यावर आंघोळ, पूजा, मग वही. इतर काही : नाही.

आणि तो खाजवत होताच.

इथल्या, उत्तरेच्या पंचांगाने माघ लागला. सारनाथच्या मित्राचा फोन आला, शनिवारी येऊ का म्हणून. मी हो म्हटलं. गबरूची थाळी, टॉवेल, कंगवा, औषधं पिशवीत भरली आणि वर यादी ठेवली, अकरा वस्तूंची. यादी करताना पहिल्यांदाच माझं अक्षर वाकडं आलं.

शनिवारच्या आदल्या दिवशी मौनी अमावास्या होती. डॉक्टर श्रीवास्तवबाई आपल्या आईंना स्नानाला घेऊन रामघाटावर आल्या होत्या. थंडीने कुडकुडत दोघी आमच्याकडे वर आल्या. माझी पूजा नुकतीच झाली होती. मी म्हटलं, आधी तीर्थ घ्या, मग चहा. आजोबांनी हात पुढे केला, त्यांना एक पळी. डॉक्टरबाईंच्या आईंना एक पळी. डॉक्टरबाईंना एक पळी. आणि रांगेत शेवटी, शहाण्यासारखा बसून, जीभ बाहेर काढलेल्या गबरूला एक पळी.

डॉक्टरबाईंचा हात तोंडाजवळ थांबला.

"माताजी, इसमें क्या है?"

"पंचामृत," मी म्हटलं आणि पाहुण्यांना सांगावं तशा उत्साहाने मोजून दाखवलं, दूध, दही, तूप, मध, साखर.

"इसको रोज़ देती हैं?"

"रोज. एक दिवस चुकलेला नाही."

त्यांनी गबरूकडे बघितलं. तो मिशा चाटत होता.

"पर आपने तो कहा था, और कुछ नहीं देतीं."

"खायला काहीच देत नाही," मी म्हटलं. "हे तीर्थ आहे."

हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि तसंच देवघरात उदबत्तीच्या धुरासारखं लोंबकळत राहिलं. मला ते दिसत होतं. एकादशीला मी पाणीसुद्धा जपून पिते, पण तीर्थ घेते, कारण त्याने उपास मोडत नाही. माझ्या आईनेही घेतलं, तिच्या आईनेही. तीर्थाचं कपाट वेगळं, अन्नाचं वेगळं. सत्तर वर्षांत मला ती दोन कपाटं शेजारी ठेवून बघायचं सुचलं नव्हतं. मखाण्याची खीर आणणाऱ्या त्या बाई मला आठवल्या. त्यांचा पत्ता मी घेतला नव्हता, हे किती बरं झालं!

डॉक्टरबाईंनी तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, आज से इसको सिर्फ़ पानी. आजोबा तोंडावर उपरणं धरून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत.

मी सारनाथला फोन करून शनिवारी येऊ नका म्हटलं. तुमच्या बाबांना सांगितलं, डॉक्टरांनी आणखी थोडा वेळ मागितलाय. ते खरंच होतं. फक्त त्याच्या आधीचं पान मी वाचून दाखवलं नाही.

होळीच्या सुमाराला दुपारी मी झोपेतून दचकून उठले. घरात काहीतरी चुकत होतं. कान देऊन ऐकलं तर काहीच ऐकू येत नव्हतं. गबरू उंबऱ्यावर चारी पाय पसरून झोपला होता आणि त्याच्या पोटावर बारीक, पिवळी लव आली होती. मी पुन्हा आडवी झाले. पण ती नाव काही आली नाही, आणि खरं सांगायचं तर तिची थोडी चुटपुट लागली.

मग डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ देऊन पाहिला. गहू, काही नाही. तांदूळ, काही नाही. दुधाचा एक चमचा, आणि तिसऱ्या दिवशी कान लाल. दूध! चार पानांच्या यादीत हिरवंगार छापलेलं दूध.

त्या संध्याकाळी गच्चीवर मी आजोबांना म्हटलं, की म्हणजे तुमचा तो एक पेढा मी उगाच इतका वाढवला. रोज मीच त्याला पाजत होते.

ते नदीकडे बघत म्हणाले, "तो पेढा त्याला दिलाच नव्हता. मी खाल्ला."

त्यांची साखर तुम्हाला ठाऊक आहे. मी वळून बघितलं.

"अगं, खरं सांगितलं असतं, तर तू दुसरी वही आणली असतीस. आठ आठवडे मलाही पिशवीतलं खायला घातलं असतंस."

मी म्हटलं, पोरांना सांगून टाकू या, की तुमचा काही दोष नाही. ते म्हणाले, राहू दे, मला ओरडण्यात त्यांना मजा येते, फोन जरा लांबतो. मी राहू दिलं. त्यांच्यासाठी म्हणून राहू दिलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नव्हतं.

गबरू आता नऊ वर्षांचा आहे. सारनाथला गेला नाही. सकाळी अजून रांगेत शेवटी बसतो, त्याला पळीभर साधं पाणी मिळतं, आणि त्यानंतर तो माझ्याकडे असा बघतो, जणू ग्रंथालयात त्याला हवं ते पुस्तक मीच लपवून ठेवलंय. त्याचे केस सगळे परत आलेत. फक्त डाव्या कानामागे रुपयाएवढा एक डाग राहिला आहे, तिथे ते आता येणार नाहीत. त्याला थोपटताना माझं बोट त्या डागावर गेलं, की मी आतल्या खोलीकडे बघून आजोबांना विचारते, चहा टाकू का. हल्ली ते दिवसाला सहा कप पितात, बिनसाखरेचा.